आराला सोडलेली भट्टी

बंगळूर, ३ मार्च १९९७

शार्दूल,

मायना काय लिहावा यात दहा मिनिटं गेली, मग नुसतं नाव लिहिलं. 'प्रिय' लिहिलं तर तू नाक मुरडशील आणि 'श्री.' लिहिलं तर मलाच हसू येईल. तीन वर्षं एका टेबलावर काम केलेल्या माणसाला श्री. कसं म्हणायचं?

तू गेलास त्याला आज सतरा दिवस झाले. तुझ्या कपाटाची किल्ली नागपूरला नेलीस, त्यामुळे कुलूप तोडावं लागलं. आत तुझी वही, एक फाटका स्वेटर आणि अर्धा पुडा चिवडा निघाला. वही मी जपून ठेवली आहे. चिवडा आम्ही खाल्ला.

लिहिण्याचं कारण असं. तुझी पीएच.डी.ची नोंदणी तीस जूनला संपते. त्याआधी परत येऊन तू खुलाशावर सही केलीस तर सुनंदा मॅडम पुढचं सगळं सांभाळून घेणार आहेत. नाही आलास तर चार वर्षं पाण्यात. खुलासा जेमतेम दोन ओळींचा आहे: 'बारा डिसेंबरला भट्टीसाठी देताना माझ्याकडून नजरचुकीने मुशी बदलल्या गेल्या.' 'नजरचुकीने' हा शब्द मी भांडून घालायला लावला. तुला कोणी खोटारडा म्हणत नाहीये.

सगळं मला ठाऊक आहे, पुन्हा कशाला उगाळतेस, असं तू म्हणशील. पण लेखी असलेलं बरं.

आपण टायटॅनियम डायऑक्साइडची पूड करतो. रंगाच्या डब्यात पांढरेपणासाठी घालतात तीच, पण तिच्याहून वीसपट बारीक. तिच्यातले अणू दोन तऱ्हांनी रचले जातात. आधी ॲनाटेज तयार होतं, ते तापवत नेलं की त्याचं रूटाइल होतं, आणि एकदा रूटाइल झालं की परत ॲनाटेज होत नाही. डोळ्यांना दोन्ही पांढरीच दिसतात. ओळखायचं एक्स-रेच्या आलेखावर: ॲनाटेजची रेघ पंचवीस अंशांवर, रूटाइलची सत्तावीसवर. बारा डिसेंबरला आपण पहिल्यांदा सहाशे डिग्रीला पूड तापवली आणि ती सबंध ॲनाटेज राहिली. सत्तावीसवर काही म्हणता काही नव्हतं. इतक्या तापमानाला टिकणारी पूड म्हणजे मोठी गोष्ट, म्हणून मॅडमनी परिषदेकडे गोषवारा पाठवला. त्यात माझं नाव पहिलं होतं आणि मला त्याचा आनंद झाला होता, तो मी लपवलाही नाही.

मग तू तोच प्रयोग तीनदा केलास आणि तिन्ही वेळा सहाशेला निम्मं रूटाइल निघालं. मॅडमनी बैठक बोलावली. कामाची वाटणी सरळ होती. पूड तू करायचीस आणि मुशीत भरून द्यायचीस. भट्टी रघुजीअण्णा चालवायचे. मी तापमान विचारून रजिस्टरमध्ये लिहायचं आणि पुढे एक्स-रे काढायचा. रजिस्टरमध्ये बारा डिसेंबरसमोर माझ्या अक्षरात 'सहाशे' लिहिलं आहे. माझ्या नोंदी चुकत नाहीत, हे नव्या मुलांना तूच सांगायचास. मग मुशींशिवाय दुसरं काय उरतं?

'शार्दूलच्या हाताला शिस्त नाही' हे मी सगळ्यांसमोर म्हणाले, ते जरा जास्त झालं असेल. पण 'भट्टीवर काय झालं ते एकदा रघुजीअण्णांना विचारा' असं म्हणून तूही माझ्या रजिस्टरवर बोट ठेवलंस. मी पुण्याची आहे. चूक माझी असू शकते, हे मला घरात कोणी शिकवलेलंच नाही.

सही कर आणि ये. रुसून बसायचं वय राहिलेलं नाही आपलं.

सुखदा


बंगळूर, २६ मार्च १९९७

शार्दूल,

तुझं उत्तर नाही. खालच्या मजल्यावरच्या अंजलीला मात्र तू पत्र लिहिलंस. तिने मला ते दाखवलं नाही, पण एवढं सांगितलं की नागपूरजवळच्या रंगाच्या कारखान्यात तुला जागा मिळतेय आणि एक जुलैला हजर व्हायचंय. म्हणजे पोत्याने पांढरी पूड येणार आणि तू ती डब्यांत घालणार. चार वर्षं ज्या कणांच्या मागे लागलास ते सोडून? चांगली नोकरी आहे म्हणे. असेल.

इकडची बातमी देते. बारा डिसेंबरचा प्रयोग मी स्वतः पुन्हा करायला घेतला आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पूड मीच केली. तुझ्या वहीतली कृती वापरली, कारण ती चांगली आहे. आम्ल थेंबथेंब सोडताना तू घड्याळाकडे न बघता रंगाकडे बघायचास, त्यावरून मी तुला किती छळलं होतं. आता मीही रंगाकडेच बघते. मूस मी भरली, वर चिठ्ठी मी लावली, भट्टीपर्यंत मीच नेली.

चारदा केलं. चारही वेळा निम्मं रूटाइल.

याचा अर्थ लगेच काही काढू नकोस. भट्टीचा तापमापक जुना झाला असेल. रसायनाची बाटली नवी आहे. डिसेंबरात हवा थंड होती, आता नाही. मी एकेक शक्यता खोडत चालले आहे आणि अजून हार मानलेली नाही. आलेख मात्र असे सुरेख आलेत की मॅडमनी एक उचलून भिंतीवर लावला. रेघा सरळ, टोकदार, आणि सगळं माझ्या हातचं. मला बरं वाटलं.

रघुजीअण्णा तंजावूरहून मुलीचं लग्न उरकून परत आलेत. आपली बैठक झाली तेव्हा ते तिकडेच होते, नाही का? त्यांचं घराणं शहाजीराजांबरोबर इकडे आलेलं. साडेतीनशे वर्षं घरात मराठी बोलतात आणि त्यातले निम्मे शब्द कन्नड आहेत. मी हसले की म्हणतात, "तुमचं मराठी पुस्तकातलं, अक्का. आमचं तोंडातलं." मीही कमी नाही. बसच्या पाट्या वाचून कन्नड आकडे शिकले आहे, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु. त्यांना मी मागच्या वर्षीच बजावून ठेवलंय की भट्टीचे आकडे माझ्याशी कन्नडमधूनच बोलायचे. पाचशेला ऐदु, सहाशेला आरु. तू तीन वर्षांत 'स्वल्प अड्जस्ट माडि', म्हणजे 'जरा सांभाळून घ्या', याच्या पुढे गेला नाहीस.

पाडव्याला त्यांनी घरी जेवायला बोलावलंय. डिसेंबरचं त्यांना विचारावं असं एकदा मनात आलं. पण तीन महिन्यांपूर्वीचं कोणाला काय आठवणार? राहू दे.

सुखदा


बंगळूर, ९ एप्रिल १९९७

शार्दूल,

काल पाडवा झाला. इथे त्याला युगादी म्हणतात, कडुनिंब आणि गूळ हातावर ठेवतात आणि दोन्ही एकदम खायला लावतात. मी हेब्बाळहून दोन बस बदलून बसवनगुडीला गेले. साडी नेसले होते, हे तुला खरं वाटणार नाही.

रघुजीअण्णांचं घर देवळामागच्या गल्लीत आहे. छोटं आणि लख्ख. भट्टीवर काम करणारा माणूस घरी इतका पांढराशुभ्र असेल असं वाटलं नव्हतं. त्यांच्या बायको, अंबुबाई, फार प्रेमळ आहेत. मी एकटी राहते हे ऐकून त्यांनी ताटात दोन होळिगे, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, जास्त वाढल्या आणि माझ्या आईवर नसलेला राग काढला.

"एवढी शिकलेली पोर, आणि असं वाळून जाला सोडतात का कोण?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मी वाळलेली नाही, पुण्यात सगळे असेच असतात. त्या हसल्या. मग मी पायस मागितलं, कारण वास येत होता.

"थांबा अक्का. आराला ठेवलंय. आरलं की वाढते."

मी विचारलं, "आराला म्हणजे?"

"आराला म्हणजे गार व्हाला. तुमच्यात म्हणत नाहीत? गरम असतंय, मग ठेवून दिलं की आरतंय."

"ते कन्नडातलं आमच्यात आलंय," रघुजीअण्णा म्हणाले. "आमाला वाटतंय मराठीच आहे."

पायस छान होतं. मी एक वाटी खाल्लं. डोकं दुखत होतं म्हणून लवकर निघाले. अंबुबाईंनी डबा दिला तो बसमध्ये विसरले.

बाकी काही विशेष नाही.

सुखदा


बंगळूर, १२ एप्रिल १९९७

शार्दूल,

मागचं पत्र मी भ्याडासारखं संपवलं. हे तसं संपवणार नाही.

अंबुबाईंनी तो शब्द उच्चारला आणि माझ्या कानात फोन वाजला. बारा डिसेंबरचा फोन. दुपारी साडेतीनच्या सुमारास मी एक्स-रेच्या खोलीतून भट्टीवर फोन करून विचारलं होतं, "अण्णा, भट्टी कितीला आहे?" आणि ते म्हणाले होते, "आराला सोडलोय, अक्का." मला ऐकू आलं 'आरु'ला. आरु म्हणजे सहा, सहा म्हणजे सहाशे. मी 'बरं' म्हटलं, फोन ठेवला आणि रजिस्टरमध्ये सहाशे लिहिलं. कन्नड समजल्याचा मला केवढा आनंद झाला होता.

परवा सकाळी मी भट्टीवर गेले. रघुजीअण्णा चहा पीत होते. मी सरळ विचारलं. ते उठले आणि कपाटाच्या वरून एक वही काढली. तुला ठाऊक होतं का, की ते स्वतःची वेगळी वही ठेवतात? कन्नड अक्षरात, रोजची, अठरा वर्षांची. त्यांनी बोटाने ओळ शोधली आणि मला वाचून दाखवली.

"बारा तारीख. दोन वीसला लाइट गेली. भट्टी चारशे ऐंशीला होती. तासाने लाइट आली. पण भट्टीची अर्धी गार झालेली नळी परत तापवली तर तडा जातोय, म्हणून तापवलो नाही. झाकण बंद ठेवून आराला सोडलो. तुमचा फोन आला तेव्हा तेच सांगितलो मी."

आमच्या एक्स-रेच्या खोलीला जनरेटर आहे. लाइट गेल्याचं मला कळलंच नव्हतं.

मी म्हटलं, "मला वाटलं, सहाशेला."

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "सहाशेला असती तर 'आरुला ठेवलोय' म्हटलो असतो, अक्का. 'सोडलोय' कसं म्हणीन? चालू भट्टी कोण सोडतंय?"

"मग हे तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?"

"मला कोण विचारलंच नाही." ते रागावले नव्हते, म्हणून जास्त लागलं. "शार्दूलसाहेब घरी येऊन गेले म्हणे, फेब्रुवारीत. मी तंजावूरला होतो. बायको म्हणाली, दारातच उभे राहिले, पाणी पण पिले नाहीत."

म्हणजे तू बसवनगुडीला गेला होतास. घराला कुलूप नसूनही तुझं काम झालं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तू गाडीत बसलास.

तर असं आहे. तुझी मूस बरोबर होती. तिच्यात तीच पूड होती जी असायला हवी होती. ती चारशे ऐंशीपर्यंतच तापली, म्हणून ॲनाटेज राहिली, कोणतीही पूड राहिली असती. परिषदेला पाठवलेला तो मोठा शोध म्हणजे माझ्या कानाची चूक आहे.

आता जे कोणाला सांगितलेलं नाही ते सांगते. बैठकीत तू म्हणालास, 'रघुजीअण्णांना विचारा', तेव्हा एक क्षण मला तो फोन आठवला होता. लाइनीवर खरखर होती हे आठवलं. आपण नीट ऐकलं का, असं मनात आलं. आणि तेवढ्यासाठी मी आवाज चढवला आणि तुझ्या हाताच्या शिस्तीचं बोलले. शंका आली म्हणून बोलले. शंका आली नसती तर कदाचित गप्प बसले असते. हे मला चार दिवस झोंबतंय आणि ते झोंबायलाच हवं.

माफ कर. हा शब्द मी आयुष्यात फार वेळा लिहिलेला नाही, पण अक्षर चांगलं आलंय.

मॅडम सोमवारी दिल्लीहून येतील. त्यांना मी स्वतः सांगणार आहे. खुलाशाचा कागद मी फाईलमधून काढून घेतला.

सुखदा


बंगळूर, ५ मे १९९७

शार्दूल,

सांगितलं. आधी मॅडमना, मग परवाच्या शुक्रवारी सगळ्या विभागाला.

मॅडम ऐकत असताना चष्मा पुसत होत्या. माझं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. परिषदेला पत्र कोण लिहिणार?" मी म्हटलं, मी. "आणि शार्दूलला?" मी म्हटलं, चौथं लिहून झालंय. त्या म्हणाल्या, "उत्तर?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी मला पाणी दिलं. सात वर्षांत त्यांनी कोणाला पाणी दिल्याचं मी पाहिलं नव्हतं.

गोषवारा मागे घेतला आहे. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण गेलं, म्हणजे प्रबंधही वर्षभर पुढे गेला. पुण्याला कळवलं तेव्हा बाबा फोनवर म्हणाले की असल्या गोष्टी गाजावाजा न करताही दुरुस्त करता येतात. मी म्हटलं, आरोप गाजावाजा करून केला होता, बाबा.

पण हे पत्र रडगाण्याचं नाही. मी तुला काहीतरी सांगायला उतावीळ झाले आहे आणि इथे ते कळेल असं दुसरं कोणी नाही.

तू वर्षभर एक गोष्ट घोकत होतास. तापमानाला काय विचारतेस, कणाला विचार. कण लहान आहे तोवर तो ॲनाटेजच राहणार, वाढला की रूटाइलकडे वळणार. मी म्हणायचे, कण बोलायला लागले की मला बोलव. शार्दूल, ते बोलले.

सगळं खोटं ठरल्यावर माझ्या हातात उरलं काय, तर तुझे तीन आलेख, माझे चार, आणि ती बारा डिसेंबरची पूड, जिचं खरं तापमान आता रघुजीअण्णांच्या वहीमुळे ठाऊक झालं होतं. मी प्रत्येक रेघेची जाडी मोजायला बसले. रेघ जितकी जाड तितका कण लहान, हे तुझंच पाठ केलेलं वाक्य. कणांचे आकार एका बाजूला लिहिले आणि रूटाइलचं प्रमाण दुसऱ्या बाजूला. सगळे ठिपके एका ओळीत येऊन बसले. पंधरा नॅनोमीटरच्या आत रूटाइलचा पत्ता नाही. त्यापुढे गेलं की ते डोकं वर काढतं.

तरी मी विश्वास ठेवला नाही, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. दोन चाचण्या घेतल्या. एक पूड सहाशेला फक्त दहा मिनिटं ठेवून बाहेर काढली. कणांना वाढायला वेळच मिळाला नाही, आणि सबंध ॲनाटेज राहिलं. सहाशेला, खरोखरच्या सहाशेला. दुसरी पूड साडेपाचशेला दोन दिवस ठेवली. तापमान कमी, पण कण सावकाश वाढत गेले, आणि रूटाइल आलं. दोन्ही वेळा रघुजीअण्णा शेजारी उभे होते. दोन्ही वेळा तापमान मी स्वतः डोळ्यांनी वाचलं, त्यांच्या वहीत आधी लिहिलं गेलं आणि मग माझ्या रजिस्टरमध्ये.

शुक्रवारी मी आधी माझी चूक सांगितली, फोनसकट. आरु आणि आराला ऐकून मागच्या रांगेतली कन्नड मुलं हसली. हसू दे, मीही हसले असते. मग मी तुझी ओळ फळ्यावर काढली आणि वर तुझं नाव लिहिलं. हसणं थांबलं. भौतिकीच्या विभागातले ते कधीही कोणाचं न ऐकणारे कृष्णाजी सर उठून फळ्याजवळ आले आणि ठिपके मोजायला लागले. मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हा शार्दूल वानखडे आहे कुठे?"

मला त्या क्षणी तुझा इतका अभिमान वाटला की स्वतःची लाज पाच मिनिटं विसरले. वाटला तसा सांगते. या कामात तुझं नाव पहिलं असेल, रघुजीअण्णांचं आभारात नाही तर लेखकांत असेल, आणि माझं शेवटी. हे मीच मॅडमना सांगितलं आणि सांगताना मान खाली घातली नाही. काम चांगलं आहे. आपलं काम आहे.

मुदतवाढीचा अर्ज मॅडमनी भरून ठेवलाय. तुझी सही हवी, तीही इथे येऊन, तीस जूनच्या आत. खुलासा बिलासा काही नाही. फक्त ये.

सुखदा


बंगळूर, २१ मे १९९७

ती. विश्वासरावकाकांस सा. न.

आपलं कार्ड काल मिळालं. मी ते चारदा वाचलं. 'चि. शार्दूल आपली पाकिटे न उघडता टेबलाच्या खणात ठेवतो. पाच झाली आहेत. दुसऱ्याची पत्रे मी वाचत नाही. काय झाले विचारता माझ्या हातून चूक झाली एवढेच म्हणतो व गप्प बसतो. आपण एकत्र काम करत होता, तरी त्याची चूक नेमकी काय ते कळवाल तर त्याच्याशी बोलता येईल. पूर्वी जेवताना बोलायचा, आता तेही नाही.'

काका, त्याच्या हातून काहीही चूक झालेली नाही. चूक माझ्या हातून झाली, आणि ती त्याच्यावर ढकलली गेली तीही माझ्याच तोंडून. तो स्वतःच्या वडिलांनाही माझं नाव सांगत नाही, हा त्याचा मोठेपणा आहे, आणि मला तो सहन होत नाही. सगळी हकीकत त्या पाच पाकिटांत आहे. आपण ती उघडत नाही हे मला आवडलं. माझे वडीलही उघडणार नाहीत.

पण माझ्याकडे आता चाळीसच दिवस आहेत आणि पाकिटाचा उपयोग दिसत नाही. म्हणून आज त्याच्या नावाने एक कार्ड टाकते आहे. कार्डाला उघडावं लागत नाही. ते आपल्या आधी पोस्टमन वाचेल, कदाचित शेजारीही वाचतील. मुद्दाम तसंच केलं आहे, गैरसमज नसावा. मी त्याच्याबद्दल बोलले ते बारा माणसांसमोर बोलले होते.

ते त्याच्या हातात देऊ नका. जिथे तो जेवायला बसतो तिथे ठेवा.

आपली,
सुखदा हर्डीकर


[पोस्टकार्ड]

बंगळूर, २१ मे १९९७

शार्दूल वानखडे,

१२ डिसेंबर १९९६ ला भट्टी चारशे ऐंशीला बंद पडली होती. मी ऐकण्यात चूक केली आणि सहाशे लिहिलं. तुझ्या मुशी बरोबर होत्या. तुझ्या हाताला शिस्त नाही असं मी सगळ्यांसमोर म्हणाले, ते खोटं होतं आणि म्हणताना मला शंका होती. कण पंधरा नॅनोमीटरच्या पुढे वाढला की मगच रूटाइल होतं, हे तू म्हणत होतास तसंच निघालं. विभागात सगळ्यांना सांगितलं आहे. तीस जूनच्या आत ये आणि तुझी डिग्री घे. नंतर रंगाच्या कारखान्यात जायचं तर खुशाल जा, पण डॉक्टर होऊन जा.

सुखदा हर्डीकर

ता. क. पोस्टमनदादांस विनंती: हे कार्ड दारात उभं राहून मोठ्याने वाचून दिलंत तरी माझी हरकत नाही.